वाचकांचे प्रश्न: नांदूर मध्यमेश्वरला जाण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, नांदूर मध्यमेश्वर हे जुने शिवक्षेत्र आहे. शेजारच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून जाहीर झाले. पुण्यातून तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे या वेळी इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. काही जणांना फक्त देवदर्शन हवे आहे, काहींना फक्त पक्षी. गाव दोघांचेही आहे. दोघांनीही आधी नदीच्या पाण्याची चौकशी करायला हवी, आणि ती का, हे खालच्या उत्तरांत वारंवार येईल.

शनिवारी पहाटे निघून रात्री परत येता येईल का? रस्ता कोणता?
— एक वाचक, कोथरूड

जाऊन येता येईल, पण पक्ष्यांसाठी जात असाल तर त्यात अर्थ नाही. पुण्याहून सिन्नर सुमारे १८० किलोमीटर आहे आणि तिथून पुढे आडरस्त्याने तीसेक किलोमीटर. चाकणची गर्दी धरली तर पहाटे चारला निघूनही काठावर पोहोचायला नऊ-साडेनऊ होतात. जानेवारीत तिकडे सूर्य साधारण सव्वासातला उगवतो. त्यानंतरचे दोन-अडीच तासच खरे कामाचे. दहानंतर ऊन वाढते, पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि बदके मध्यावर जाऊन झोपतात. तुम्ही पोहोचाल तेव्हा चोच पाठीत खुपसलेले तपकिरी गोळे दिसतील.

म्हणून शुक्रवारी दुपारी निघा. मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर आणि सिन्नर असा सरळ नाशिक महामार्ग आहे. सिन्नरला मुक्काम करून पहाटे साडेपाचला निफाडच्या दिशेने निघा. हंगामात या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, तेव्हा अंधारात वेग कमी ठेवा. साडेसहाला पाण्यावर, दहापर्यंत पक्षी, मग मंदिर आणि जेवण. परतताना सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर जरूर पाहा. यादवकाळातले हे शिवपंचायतन दुपारच्या तिरप्या उन्हात पाहण्यासारखे आहे. चारला सिन्नर सोडले तर रात्री नऊच्या आत घर गाठता येते.

नकाशात नुसते 'चापडगाव' टाकू नका. अभयारण्यातल्या पक्षीनिरीक्षणाची मुख्य जागा चापडगावच्या बाजूला आहे हे खरे, पण याच नावाची गावे अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत आणि शेवगाव तालुक्यांतही आहेत. 'नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, निफाड' असे पूर्ण लिहा.

एसटीने जायचे तर वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकातून नाशिकची गाडी धरून सिन्नरला किंवा नाशिकला उतरावे लागते. तिथून निफाडमार्गे जा. निफाडपासून गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे. शेवटचा टप्पा रिक्षाने किंवा ठरवलेल्या गाडीनेच करा आणि परतीची वेळ चालकाशी आधीच बोलून ठेवा. दुपारी तिथे वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.

याच फेरीत शिर्डी उरकायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. दर्शनाची रांग किती वेळ घेईल याचा नेम नसतो, आणि दोन्हीकडे धावपळ होते.

आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना फक्त दर्शन घ्यायचे आहे. त्रास होईल का? नदीत स्नान करावे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

मध्यमेश्वर आणि मृगव्याधेश्वर अशी शिवस्थाने इथे आहेत. सुवर्णमृगाचे रूप घेतलेल्या मारीचावर रामाने बाण सोडला तो इथून, अशी परिसरातली श्रद्धा आहे आणि मृगव्याधेश्वर हे नाव तिच्याशी जोडलेले आहे. पंचवटीची यात्रा करणाऱ्यांपैकी थोडेच लोक इथवर येतात. त्यामुळे एरवीच्या दिवशी गाभाऱ्यासमोर निवांत बसता येते. ज्येष्ठांना हेच हवे असते, आणि मोठ्या क्षेत्रांच्या ठिकाणी हल्ली नेमके तेच मिळत नाही.

त्रासाचे म्हणाल तर तो दगडाचा आणि पाण्याचा. नदीकाठचे खडक उंचसखल आहेत आणि पाणी ओसरल्यानंतर त्यांवर शेवाळ राहते. वरून वाळलेले दिसते, खाली निसरडे असते. रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. सपाट, गुळगुळीत चप्पल नको. काठी घेत नसतील तरी त्या दिवशी बरोबर ठेवा. गुडघ्याचे दुखणे असेल तर मंदिरातूनच नदीला नमस्कार करावा, पात्रात उतरू नये.

महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी गर्दी असते. श्रावणातली दुसरी अडचण पुराची. गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांतून सोडलेले पाणी शेवटी याच बंधाऱ्याशी येते, आणि वर पाऊस असेल तर इथे आकाश निरभ्र असतानाही पात्र फुगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले होते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी 'नांदूर मध्यमेश्वरमधून विसर्ग' ही बातमी पाहा. नाशिकच्या वृत्तपत्रांत ती त्या दिवसांत रोज असते. आकडा क्युसेकमध्ये दिलेला असतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे १०,००० क्युसेक असेल तर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी वाहते आहे. अशा दिवशी काठाजवळ जाऊच नका.

स्नानाबद्दल स्पष्ट सांगतो. नाशिक शहर इथून वरच्या अंगाला आहे आणि शहराचे सांडपाणी नदीत मिसळते. पाय धुवावेत, हात जोडावेत, पण पाणी तोंडात घेऊ नये आणि बाटलीत भरून तीर्थ म्हणून घरी नेऊन कोणाला देऊ नये. पायाला जखम असेल किंवा मधुमेह असेल तर पायही बुडवू नका. श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. नदीची आजची अवस्था ही आहे, आणि ती सुधारावी असे तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटायला हवे.

गेल्या डिसेंबरात मित्रमंडळी गेली होती, पक्षी जवळपास नव्हतेच. आम्ही कोणत्या महिन्यात जावे?
— एक वाचक, हडपसर

महिन्यापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची. तिचे गणित समजून घेतले तर अशी निराशा सहसा होत नाही.

इथला दगडी बंधारा ब्रिटिश काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यातून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या भागांना पाणी देतात. शंभर वर्षांत नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणीसाठा त्यामुळे घटला, पण उथळ पाणी, चिखलाची मैदाने आणि पाणकणसाची बेटे तयार झाली. पक्षी येतात ते या उथळपणासाठी.

उथळ म्हणजे किती, ते पाहा. तुतवार आणि चिखले चिखलात किंवा दोन-चार सेंटिमीटर पाण्यात चरतात. लांब पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात चालतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक ही पृष्ठभागावर चरणारी बदके बुडी मारत नाहीत. शेपूट वर आणि मान खाली करून तळाशी पोहोचतात, म्हणजे साधारण फूटभर खोलीपर्यंतच. त्याहून खोल पाण्यात त्यांना अन्न मिळत नाही. आता बंधाऱ्यात अचानक अर्धा मीटर पाणी चढले तर काय होईल? चिखलाची मैदाने बुडतात, बदकांना तळ लागत नाही आणि थवे उठून आसपासच्या तळ्यांकडे, शेततळ्यांकडे, दुसऱ्या जलाशयांकडे जातात. पक्षी आलेले असतात. त्या दिवशी तिथे नसतात, एवढेच.

पाणी हिवाळ्यातही चढते, त्याची दोन कारणे आहेत. एक, कालव्यांचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस कालव्यांत पाणी सोडणे. ते चालू असले की वरच्या धरणांतून पाणी येत राहते. दुसरे, गोदावरीवर खालच्या अंगाला असलेल्या जायकवाडी धरणात साठा कमी असला तर समन्यायी वाटपाच्या नियमाने नाशिकच्या धरणांतून खाली सोडले जाणारे पाणी. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ते नोव्हेंबरात सोडले गेले. हे पाणी गोदावरीतून जाताना याच बंधाऱ्यावरून जाते. तुमच्या मित्रांनी निवडलेल्या दिवसांत असेच काही चालू असावे.

म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी आठवडाभर नाशिकच्या बातम्यांत 'आवर्तन' आणि 'विसर्ग' हे दोन शब्द शोधा. आवर्तन बंद होऊन पाणी उतरू लागले की दोन-चार दिवसांत ओला चिखल उघडा पडतो आणि सगळ्यांत चांगले पक्षीदर्शन तेव्हाच होते. अभयारण्यातल्या स्थानिक मार्गदर्शकाला फोन करता आला तर 'किती पक्षी आहेत' असे विचारू नका, 'पाणी चढते आहे की उतरते आहे' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी 'भरपूर' असेच मिळते.

महिन्यांचे सांगायचे तर सप्टेंबरअखेर पहिले पाहुणे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संख्या वाढते, पण नर बदकांचा रंगीत पिसारा अजून पुरता आलेला नसतो. नर-मादी दोघेही तपकिरी दिसतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चमध्ये बदके परतू लागतात, पण चिखलातले पक्षी भरपूर असतात. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, बगळे, चित्रबलाक असे स्थानिक पक्षी राहतात. ऊन मात्र सोसत नाही.

पाणी चढलेले असतानाच पोहोचलात तर मनोऱ्यावर बसून राहू नका. काठाच्या हरभऱ्याच्या आणि कापणी झालेल्या शेतांकडे वळा. चक्रवाकांच्या जोड्या, शेतांवरून खालून उडणारा दलदली भोवत्या, एखाद्या वर्षी क्रौंचांचा थवा तिथे दिसू शकतो. शेतात पाऊल टाकण्यापूर्वी मालकाला विचारा. इथली शेती द्राक्षाची, कांद्याची आणि नाजूक आहे.

फ्लेमिंगो नक्की दिसतील का? की भिगवणलाच जावे?
— एक वाचक, औंध

फक्त फ्लेमिंगोसाठी जायचे असेल तर भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला, पुण्यापासून सोलापूर रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पाणी उतरून दलदल उघडी पडली की, म्हणजे जानेवारीपासून पुढे, रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, तिथे जास्त भरवशाने दिसतात. नांदूर मध्यमेश्वरला ते येतात, पण नेमाने नाही. बदकांचे प्रकार, पाणकणसातले पक्षी आणि शिकारी पक्षी पाहायचे तर नांदूर मध्यमेश्वर सरस आहे.

दुसरा फरक पाहण्याच्या पद्धतीत आहे. नांदूरला काठावरून आणि मनोऱ्यांवरून पक्षी पाहतात, भिगवणला होडीतून. होडीत जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसा, नुसते मांडीवर ठेवून नाही, आणि वारा सुटला असेल तर जाऊच नका. २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. नावाडी पक्ष्यांच्या अगदी जवळ होडी नेत असेल तर त्याला थांबवा. थवा उडाला की फोटो छान येतो, पण दिवसातून दहा होड्यांनी उडवलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवता येत नाही.

पाणी फार खाली गेलेल्या वर्षी, उन्हाळ्यात, उजनीत बुडालेले पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. देव आणि पाणथळ एकत्र पाहायचे असतील, पण नाशिकपर्यंत जाणे शक्य नसेल, तर इंदापूर तालुक्यातली ही जागा ध्यानात ठेवा.

दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार १०×५० चांगली म्हणतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ

पहिली दुर्बीण ८×४२ घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ ला तो सव्वापाच मिलिमीटर आहे, पहाटेच्या अंधुक उजेडाला पुरेसा. खिशात मावणाऱ्या ८×२१ ला तो जेमतेम अडीचच्या पुढे, म्हणून सकाळी त्यातून सगळे काळपट दिसते. १०×५० त जास्त मोठे दिसते हे खरे, पण हात थरथरला की चित्रही तितकेच जास्त हलते. शिवाय ती जड असते आणि दोन तासांनी मान दुखू लागते.

घेतल्यावर ती आपल्या डोळ्यांना जुळवावी लागते. बरेच जण हे करतच नाहीत आणि दुर्बिणीला नावे ठेवतात. दूरच्या पाटीकडे पाहा. उजवे भिंग झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरे स्पष्ट करा. आता डावे झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडीची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधले चाक फिरवायचे. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दुमडा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, बरोबर असला तर उत्तम, पण सकाळी दहानंतर ४० पटींच्या पुढे नेऊन उपयोग नाही. तापलेल्या हवेच्या लहरीच मोठ्या दिसतात.

आठवीच्या ४० मुलांना सहलीला न्यायचे आहे. त्यांना नुसते 'बघा बघा' करण्यापेक्षा काही शिकवता येईल का?
— एक शिक्षिका, निगडी

येईल, आणि या जागेवर मोजणी शिकवण्यासारखे दुसरे काही नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिची पद्धत मुलांना सहज जमते.

आधी वर्गात सहा पक्षी पक्के करून घ्या. वारकरी: पूर्ण काळा, चोच आणि कपाळ पांढरे. जांभळी पाणकोंबडी: निळाजांभळा रंग, लाल चोच, पाणकणसात चालते. शेकाट्या: काळे-पांढरे अंग आणि लांबच लांब गुलाबी पाय. थापट्या: टोकाला फावड्यासारखी पसरट चोच, ती पाण्यावर डावी-उजवीकडे फिरवत चालतो. तलवार बदक: नराची शेपटी लांब टोकदार, मानेच्या बाजूने पांढरी रेघ वर गेलेली. चक्रवाक: नारिंगी-तपकिरी, जोडीने. सहाच ठेवा. वीस शिकवले तर एकही लक्षात राहत नाही.

जागेवर दहा-दहाचे चार गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस. दोन मुलांत एक दुर्बीण पुरते. एका वेळी एकच गट मनोऱ्यावर, बाकीचे काठावर. चाळीस मुले एकदम चढली तर मनोरा हलतो, आणि आवाजाने पक्षी अर्धा किलोमीटर लांब सरकतात. तो आवाज मनोऱ्याच्या जिन्यावर बूट आपटण्याचा असतो, म्हणून कापडी बूट घालायला सांगा.

मोजणी अशी. थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवा. आता तेवढ्या जागा थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती बसतात ते पाहा. थवा मोठा असेल तर दहाऐवजी शंभराचा तुकडा धरा. मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. दाट थव्यात मागचे पक्षी पुढच्यांआड लपतात, त्यामुळे आकडा नेहमी कमी येतो. थवा उडून पलीकडे बसला की तोच पुन्हा मोजला जातो. यावर उपाय म्हणजे पाण्याचे भाग पाडावेत, एकेक भाग सगळ्या गटांनी एकाच वेळी मोजावा आणि दहा मिनिटांत संपवावा. एखादा दलदली भोवत्या वरून गेला तर सगळी बदके उठतात, प्रकार मिसळतात. मग तो आकडा सोडून द्या आणि थवे बसल्यावर नव्याने मोजा. प्रत्येक गटाने आपला अंदाज दुसऱ्याला न सांगता लिहावा आणि शेवटी मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरावी. चार गटांचे चार आकडे वेगळे आले की मुलांना गणितातली सरासरी आणि मध्यक यांचा फरक आपोआप कळतो.

सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या बाजूला उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. सूर्यासमोर उभे राहिलात तर सगळी बदके काळ्या सावल्या दिसतील आणि थापट्या कोणता, तलवार बदक कोणते, हे शिक्षकांनाही सांगता येणार नाही.

थंडीची सूचना पालकांना ठळक अक्षरांत द्या. निफाड परिसर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड जागांपैकी एक असतो. थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी होतात. पुण्याची थंडी डोळ्यांसमोर ठेवून पातळ स्वेटर घालून आलेली मुले मनोऱ्यावरच्या वाऱ्यात वीस मिनिटांत कुडकुडू लागतात. कानटोपी, हातमोजे आणि कोरडे मोज्यांचे जोड हवेतच. गावात ४० जणांचे जेवण ऐनवेळी मिळणार नाही. डबे न्या, आणि स्वच्छतागृहाची सोय निफाड किंवा सिन्नरला उरकून घ्या.

बिबट्याची भीती आहे का? मुक्काम कुठे करावा?
— एक वाचक, धनकवडी

गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत आणि दिसले नाहीत तरी आहेत असेच धरून वागा. अंधार पडल्यावर आणि पहाटे उजाडण्यापूर्वी उसाच्या कडेने पायी जाऊ नका, मुलांना पुढे पळू देऊ नका, लघुशंकेसाठी शेतात वाकून बसू नका. गाडी मनोऱ्याच्या वाटेपर्यंत नेऊन उजाडेपर्यंत तिच्यातच थांबा.

मुक्कामासाठी खाणगाव थडीच्या बाजूला वनविभागाची मोजकी सोय आहे. नाशिकच्या वन्यजीव विभागाकडून आधी आरक्षण झाले असेल तरच तिच्यावर विसंबा. हंगामातल्या शनिवार-रविवारी सिन्नर किंवा नाशिक जास्त खात्रीचे.

फोटोसाठी ड्रोन नेता येईल का? पक्ष्याचा आवाज मोबाइलवर लावला तर तो जवळ येतो म्हणे.
— एक वाचक, वाकड

दोन्ही नको. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. पाणपक्षी वरून येणाऱ्या ड्रोनला शिकारी पक्षी समजतात आणि सगळा जलाशय एकदम उठतो. आवाज लावल्यावर येणारा पक्षी आपल्या हद्दीत घुसखोर आला म्हणून लढायला आलेला असतो. तेवढा वेळ त्याचे चरणे आणि पिलांकडचे लक्ष सुटते. चारशे मिलिमीटरचे भिंग आणि मनोऱ्याच्या कठड्यावर टेकायला तांदळाने भरलेली छोटी पिशवी न्या. एका जागी अर्धा तास न हलता बसलात तर पाणकोंबड्या आपणहून जवळ येतात. अंगावर पांढरे, लाल, पिवळे कपडे नकोत.

अभयारण्य म्हणता, मग आत शेती, गावे, मासेमारी कशी? आणि जलपर्णी का काढत नाहीत?
— एक वाचक, बाणेर

अधिसूचित क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यात पाणी थोडे, गावे आणि खासगी शेते जास्त. रामसर स्थळ म्हणून नोंदलेला भाग १,४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरच्याही आत. बातम्यांत हे दोन आकडे एकमेकांच्या जागी येतात, त्यातून हा गोंधळ होतो. इथे माणसाला बाहेर काढून राखलेले जंगल नाही. शेतकऱ्यांच्या कालव्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे हे पाणथळ तयार झाले आणि आजही त्याच्याच पाण्यावर शेती होते. पिकाची नासधूस सोसूनही पक्ष्यांना राहू देणाऱ्या शेतकऱ्यांचे ऋण आपण मानायला हवे. रामसरच्या नोंदीत इथल्या पक्ष्यांबरोबर देवळाली मिनो या अतिसंकटग्रस्त छोट्या माशाचाही उल्लेख आहे. पाण्याखालच्या जिवांकडे पर्यटकांचे लक्ष फारसे जात नाही, म्हणून तो इथे सांगितला.

जलपर्णी काढतात, पण ती पुन्हा वाढते, कारण तिचे खत वरून येत राहते. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद मिळाले की तिचे क्षेत्र उन्हाळ्यात काही आठवड्यांत दुप्पट होते. तिचा जाड थर पाण्यावर पसरला की खाली उजेड जात नाही, पाणवनस्पती मरतात आणि प्राणवायू घटतो. कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तिच्यावरून चालतात, त्यामुळे पाहुण्यांना ती बरी वाटते. बदकांना मात्र उतरायला मोकळे पाणी उरत नाही. यंत्राने ती काढणे हा तात्पुरता उपाय. नाशिकचे सांडपाणी पूर्ण प्रक्रिया होऊन नदीत येईल तेव्हाच ती आवरेल.

पाहुण्यांच्या हातात आहे ते असे: निर्माल्य, हारांचे दोरे, उदबत्तीची वेष्टने, कापराच्या डब्या यांतले काहीही नदीत टाकू नये. फुले मंदिराच्या निर्माल्यकुंडात, नसेल तर बरोबरच्या कापडी पिशवीत. नायलॉनचा दोरा शेकाट्याच्या पायात अडकला की तो सुटत नाही, पाय सुजतो आणि पक्षी चरू शकत नाही. गावातल्या मार्गदर्शकाला बरोबर घ्या आणि त्याचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. पक्षी राखण्यातून गावाला चार पैसे मिळतात हे दिसले, तर काठावर जाळे लावणाऱ्याला गावच अडवते.